खड्ड्यातली भेंडी

सुभेदारीणमामीनं मला माझं नाव विचारायच्या आधी माझ्या म्हशींची चौकशी केली. सुभेदार पेन्शन घेऊन गावी आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. मी गोठ्यात शेण भरत होते. दारात एक ठेंगणी, ठसठशीत बाई येऊन उभी राहिली. अंगावर इस्त्रीची साडी, पायांत मिलिटरीचे कॅनव्हासचे बूट आणि आवाज असा, की म्हशींनीसुद्धा माना वर केल्या.

"म्हशी किती हायत?"

"चार."

"शेण कुणाला जातंय?"

"कुणाला जाणार? उकिरड्यावर."

"उद्यापासनं माझ्याकडं यील. बोल, नाव काय तुझं?"

मी सुनंदा म्हणून सांगेपर्यंत तिनं पाटीतलं शेण बोटानं दाबून, नाकाशी नेऊन हुंगलं होतं. वर "पेंड कमी घालतीस" म्हणून मला ऐकवलंही होतं. माझ्या गोठ्यात येऊन मलाच! पण खोटं कशाला बोलू, त्या महिन्यात पेंड मी खरंच कमी घालत होते.

शेणाची तिला एवढी निकड का, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. सुभेदारांच्या वाट्याला पाटाकडेची वीस गुंठे जमीन आली होती. हे दोघं छावण्यांतून फिरत होते तेव्हा सुभेदारांच्या धाकट्या भावानं, बापूनं, त्या जमिनीची माती वीटभट्टीला देऊन टाकली. आमच्याकडची नदीकाठची माती विटेला लय चांगली, त्यामुळं भट्टीवाले कायम घिरट्या घालत असतात. वरची काळी माती गेली आणि मागं राहिला गुडघाभर खोल, पिवळट, टणक खड्डा. पावसाळ्यात त्यात बेडकं आणि उन्हाळ्यात वेड्या बाभळी.

मामी तो खड्डा पहिल्यांदा बघायला गेली तेव्हा अर्धं गाव काम टाकून मागं गेलं होतं. आता भाऊबंदकी पेटणार म्हणून माणसं बांधावर जागा धरून उभी. मामी बुटांसकट खड्ड्यात उतरली. टाचेनं खरवडून तिनं एक ढेकूळ काढलं, हुंगलं आणि म्हणाली, "ह्याला वासच न्हाई." मग बापूकडं वळून अगदी गोड आवाजात विचारलं, "भाऊजी, विटा तरी चांगल्या झाल्या का?"

बापू बांधावरचं गवत उपटायला लागला.

"झालं ते झालं," मामी म्हणाली. "ह्या खड्ड्याची मी जमीन करणार. भेंडी लावणार हितं. पण परत हितं कुणी फावडं लावलं, तर त्या फावड्याच्या दांड्यानंच बोलीन मी."

भेंडीच का, असं तिला विचारलं की दरवेळी निराळं उत्तर मिळायचं. कधी सुभेदारांना दुसरी भाजी चालत नाही, कधी भेंडीला गुडघे मोडून वाकावं लागत नाही. एकदा तर "तुला काय करायचंय?" हेच उत्तर होतं.

मग सुरू झालं मामीचं खतपुराण. माझ्या म्हशींचं शेण तिला पुरेना. आमच्याकडं कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते. बैल तासन् तास उभे, त्यामुळं रस्त्यावर शेणच शेण. मामीनं सुभेदारांची स्कूटर काढायला लावली. पुढं सुभेदार, पिळदार मिशा, डोक्यावर फेटा, आणि पायांत धरलेला पत्र्याचा डबा. मागं मामी खोरं घेऊन. आता ह्या पट्ट्यात घरटी एक माणूस फौजेत. जो तो गाडीवान कुणाचा ना कुणाचा भाऊ नाहीतर पेन्शनीत आलेला जवान. "जय हिंद, साहेब!" म्हणून कडक सॅल्यूट यायचा. सुभेदार बिचारे सॅल्यूट घ्यायचे आणि पायांनी डबा आत ओढायचे.

"डब्यात काय, साहेब?"

"सामान हाय थोडं."

मागनं मामीचा आवाज, "शेण हाय, शेण! सामान काय सांगताय? चोरी केलीय व्हय आपण?" सुभेदारांनी लढाया बघितल्या असतील, पण त्या रस्त्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर तिनं कहर केला. बाकीच्या बायका स्टीलच्या वाट्या, प्लास्टिकचे डबे लुटतात. मामीनं लाल दोऱ्यानं बांधलेल्या कापडी पुरचुंड्या दिल्या. बापूच्या बायकोनं तिथंच सोडून बघितली. आत काळंभोर गांडूळखत आणि त्यातून एक गांडूळ वळवळत तिच्या पैठणीवर! जी किंचाळली ती, की पोरंबाळं रडायला लागली. "आगं, पाव्हणा हाय त्यो," मामी म्हणाली. "घरी नेऊन कुंडीत सोड, चांगलं सवाष्णीचं वाण हाय." त्या दिवशी निम्म्या बायकांनी पुरचुंड्या वाटेतल्या गटारीत टाकल्या. मी माझी तुळशीत रिकामी केली. उन्हाळ्यात माझी तुळस बघून त्याच बायका मामीकडं खत मागायला आल्या, आणि मामीनं त्यांना आधी चांगलं झापलं, मग दिलं.

एवढं सगळं करून पहिल्या वर्षी ती तोंडावर आपटली. माझ्या म्हशींचं शेण, बैलांचं शेण, पोल्ट्रीतलं कोंबडखत, कारखान्याची मळी, जे म्हणून मिळेल ते तिनं त्या खड्ड्यात ओतलं. लेकरू उपाशी आहे म्हणून त्याला बोकणे भरवावेत तसं. भेंडी उगवली आणि जी सुटली, ती सुभेदारांच्या फेट्याच्या वर गेली. पानं अशी, की एका पानावर एक माणूस जेवला असता. गाव बघायला येत होतं. मामी बूट घालून बांधावर उभी राहून फोटो काढून घेत होती, ते फोटो तिनं मोबाइलच्या स्टेटसला लावले होते. फूल मात्र दिसेना. दिसलं तर शेंग धरेना.

"वैनी," बापूनं चारचौघांत विचारलं, "पाल्याची भाजी करायची का आता?"

दुसरी कुणी असती तर बियाणाला नाहीतर नशिबाला बोल लावला असता. मामीनं सगळ्यांसमोर कपाळावर हात मारला. "चुकलं माझं. माजलंय रान. नुसतं खायाला घातलं म्हंजे पोर शानं हुतंय व्हय?" तिथल्या तिथं विळा घेऊन तिनं झाडांचे शेंडे खुडायला सुरुवात केली आणि पाणी तोडलं. झाडं जरा भानावर आली. उशिरा का होईना, घरापुरती भेंडी निघाली. पहिली पाटी तिनं बापूच्या घरी पाठवली, वर निरोप, "पाला न्हाई, शेंगा हायत. बघून घ्या."

हिरा तिला भेटली ती ह्याच्या पुढच्या हिवाळ्यात. औंधच्या पलीकडच्या माळावरची धनगरं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आमच्या नदीकाठाला उतरतात. ज्याच्या रानात रात्री मेंढरं बसतात, त्याच्या रानाला लेंड्या आणि मूत फुकट मिळतं. बदल्यात त्यांना धान्य द्यायचं, जेवण द्यायचं. मेंढरांचं खत म्हणजे सगळीकडं सारखं पसरतं, त्याला पाटी लागत नाही की खोरं. हिरा त्या तळाची कारभारीण. उंच, काटक, कमी बोलणारी बाई. नवरा होता, पण तळ कुठं पडणार ते हिरा ठरवायची.

मामीचा खड्डा तिनं वरनंच बघितला. "हितं न्हाई बसणार मेंढरू. खोलगट जागा. गारठा धरती. मेंढरू भितंय."

"कशाला भितंय? मी बसून दावते."

आणि मामी खरंच त्या खड्ड्यात जाऊन मधोमध मांडी घालून बसली. हातात सुबाभळीचा पाला. "या गं बायांनो," म्हणून मेंढरांना हाका मारायला लागली. मेंढरं खड्ड्याच्या काठावर माना वाकड्या करून ह्या नव्या प्राण्याकडं बघत राहिली. शेवटी एक म्हातारी मेंढी धीर करून उतरली आणि तिनं पाला ओढला. मेंढराची जात ती! एक गेलं की झालं. बघता बघता मामी लोकरीत दिसेनाशी झाली, फक्त आवाज येत होता, "आगं पाय सोड, पाय!" हिराला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तोंडाला पदर लावून हसत होती आणि डोळ्यांतनं पाणी गळत होतं.

तेव्हापासनं हिराचा तळ दरसाल मामीच्या खड्ड्यात पडायला लागला. तळ उठला की मामी लगेच हलकी नांगरट करून घ्यायची, लेंड्या मातीआड करायची आणि मग रानाला मुरू द्यायची. कुणी घाई केली की म्हणायची, "आंबोळीचं पीठ बी मुरू देतोस न्हवं? मग?" माघात पेरणी. भेंडीचं बी रात्रभर भिजवलेलं, शेणकाल्यात घोळलेलं. तोडणीला हातात सुभेदारांचे फौजेतले हिरवे लोकरी मोजे, कारण भेंडीच्या बारीक लवेनं अंग खाजतं. पानांवर मावा कीड दिसली की निंबोळीचा अर्क. तिच्या भेंड्यांना दर रविवारी सांगलीत विश्रामबागेत गिऱ्हाईक थांबून असायचं. तिथल्या बायका भेंडीचं टोक मोडून बघतात, भाजीवाले ओरडतात. मामी उलट म्हणायची, "मोडा, मोडा. कट्ट वाजली न्हाई तर घिऊ नका." मला मात्र एकही भेंडी मोडू द्यायची नाही, "तुझं शेण हाय त्यात, तुला कशाला तपासायची?"

खड्डा काही भरला नाही. गुडघाभर खोल होता, तसाच खोल राहिला. पण त्याचा रंग पालटला. पिवळ्याचा तांबूस झाला, तांबूसचा काळा. एका पावसाळ्याच्या तोंडी मामीनं मला हाक मारली आणि ओंजळभर माती माझ्या नाकाखाली धरली. "घे. हुंग." मी हुंगली. मातीचा वास येत होता, दुसरं काय येणार! पण मामीकडं बघितलं तर ही बाई, जिला मी कधी रडताना बघितली नव्हती, ती खड्ड्यात उभी राहून डोळे पुसत होती. मलाही भरून आलं. आम्ही दोघी येड्यासारख्या माती हुंगत उभ्या राहिलो.

आणि मग सुभेदारांची मूत्रपिंडं गेली. दर दोन-तीन दिवसांनी रक्त शुद्ध करायचं, त्याची सोय पुण्याला मिलिटरी हॉस्पिटलात. मुलगा पुण्यातच नोकरीला. जाण्याशिवाय इलाज नव्हता, आणि परत येण्याचं कुणी बोलत नव्हतं. गावात एकच विषय, मामीच्या खड्ड्याचं काय?

भट्टीवाला बापूकडं यायला लागला. मी माझ्या कानांनी ऐकलं. "वरचं काळं बाजूला सारू. खाली अजून एक थर निघंल." बापू तसा वाईट माणूस नाही, पण त्याला रान म्हणजे पडून असलेली वस्तू वाटते. तो मामीकडं आला. "वैनी, पड पडण्यापरास भट्टीला देऊ. दादाच्या औषधपाण्याला हुईल." दादाच्या औषधाचं काढल्यावर कुणाचं तोंड उघडणार? सुभेदार खाटेवरनं एवढंच म्हणाले, "रान तिचं हाय. तिची ऑर्डर."

मला वाटलं होतं, मामी मला विचारेल. मी वाट बघत होते. दोन दिवस गेले, चार गेले, विचारलं नाही, आणि मला राग आला, भयंकर आला. एवढी वर्षं शेण मी दिलं आणि आता मी कुणी नाही? शेवटी मीच विचारलं. मामी म्हणाली, "म्हशी सोडशील?" माझी नजर गोठ्याकडं गेली. "न्हाई सोडणार. सोडू बी नगंस. पण मग ह्या रानात उभं कोण ऱ्हाणार? उभं ऱ्हाणारं माणूस न्हाई दिसलं, की भट्टीवाला खोरं घिऊन उतरलाच समज." माझा राग तिथंच विरला असं नाही, पण तिचं चुकत नव्हतं.

त्या हिवाळ्यात हिराचा तळ आला. मामीनं तिला सरळ विचारलं, "हिरे, रान वाट्यानं करशील? तू हितंच ऱ्हा. मेंढरं पोरं फिरवतील."

हिरानं वरच्या रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मामी, मला एका जागी बसाय येत न्हाई. माझी आय तळावर व्याली, मी तळावर व्याले. सकाळी उठून चालाय नसलं तर माझं पाय दुखत्यात."

"मला तरी कुठं येत हुतं?" मामी म्हणाली. माझ्यासमोर हे बोलणं झालं, आणि इतक्या वर्षांत मी जे ऐकलं नव्हतं ते तेव्हा ऐकलं. "फौजेच्या क्वार्टरात मी तुपाच्या डब्यात भेंडी लावायची. प्रत्येक गावाला. फूल आलं की बदलीचा कागद यायचा. डबं मागनं येणाऱ्या बाईला दिऊन निघायचं. ट्रंक मी कधी पुरती रिकामी केलीच न्हाई गं. हितं येऊन केली. ह्या खड्ड्यापायी."

"आन् मी गेले उठून, तर?"

"जाशील तर जा. पण जायच्या आधी मला फोन कर. मी सुभेदारांना घिऊन येते आन् खड्ड्यात मधी बसते." हिरा हसली नाही. मान खाली घालून लेंड्या बोटानं कुस्करत बसली.

बापूनं ऐकलं आणि तणतणत आला. "वैनी, मेंढक्यांच्या भरोशावर रान सोडताय? आज ना उद्या तळ उठतोय त्यांचा. कुठं हुडकणार?"

मामीनं चहाचा कप त्याच्या पुढ्यात ठेवला. "भाऊजी, तुमी तर गाव सोडून कुठं गेला न्हाई न्हवं? हितंच हुता की. माती गेलीच न्हवं?"

बापूनं चहा तसाच ठेवला आणि गेला. पुढं त्यानं भट्टीवाल्याला परत दारात उभं केलं नाही, हे मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

पण हिराचा होकार काही येईना. ट्रंका भरल्या. निघायचा दिवस ठरला. मामी वरवर ऑर्डरी सोडत होती, ट्रंकेला कुलूप, भांड्यांना पोती, पण माझ्याकडं बघताना तिची नजर पाटाच्या बाजूला पळत होती. त्या दिवशी सकाळी मुलानं गाडी आणली. सुभेदारांना मागच्या सीटवर उशीला टेकवून बसवलं. मामीनं घराला कुलूप घातलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पाटाकडनं घे गाडी." मीही गाडीत बसले.

पाटावर पोचलो तर तळ उठला होता. हिराची पोरं मेंढरं हाकत वरच्या रस्त्याला लागली होती, घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, सगळं. मामीनं गाडी थांबायच्या आत दार उघडलं. मीही तिच्यामागं उतरले.

खड्ड्यात हिरा होती. एकटी. तिनं बी टाकायला काकऱ्या ओढून ठेवल्या होत्या आणि ओट्यात भिजवलेलं बी घेऊन ती टोकत होती. नवरा वरच्या बांधावर कुडाच्या झोपडीसाठी मेढी रोवत होता. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा लांबून ऐकू येत होत्या, आणि प्रत्येक घंटेला हिराची मान त्या बाजूला वळत होती. ती हमसून हमसून रडत होती आणि बी टाकत होती.

मामी चांगल्या साडीनिशी खड्ड्यात उतरली. मला वाटलं, आता तिला पोटाशी धरेल. मामीनं तिच्या ओट्यातलं मूठभर बी घेतलं आणि शेजारच्या काकरीत वाकून टोकायला सुरुवात केली.

"तिकडं बघू नगंस," ती म्हणाली. "खाली बघ. दोन-दोन टाक. वर माती हलक्या हातानं."

"व्हय," हिरा म्हणाली.

दोघींनी आपापली काकरी संपवली. गाडीचा हॉर्न वाजला. मामी उठली, हात साडीला पुसले, हिराच्या पाठीवर एक थाप मारली आणि मागं न बघता गाडीकडं चालू लागली. मला म्हणाली, "शेण बंद करू नगंस," आणि बसली.

गाडी हलली. मी बांधावर उभी होते. ज्या बाईनं हिराला खाली बघायला सांगितलं, तिचं डोकं खिडकीतून बाहेर आलं. मग एक हात आला, मग अर्धं अंग. आतून मुलगा ओरडत होता, सुभेदार तिचा पदर धरून ओढत होते, आणि मामी खड्ड्याकडं बघून ओरडत होती, "पाणी जपून दे गं! आन् खत लय घालू नगंस, माजतंय!" गाडी वळणाआड गेली. आवाज गेला. हिरा मान वर न करता बी टाकत होती आणि प्रत्येक बियाला पुटपुटत होती, "व्हय, मामी. व्हय."